गेरूखालचं रक्त

पिएरो, त्या ताटलीला हात लावू नकोस. आज मृतात्म्यांची रात्र, ते चेस्टनट मेलेल्यांसाठी ठेवलेत. दरवर्षी सांगून तोंड दुखलं माझं! शेगडीजवळ सरका, ओरेस्तेचं काय झालं ते सांगतो.

तोरिनो शहरातल्या लॅबमध्ये तो आणि मी एकाच टेबलावर बसायचो. दहा वर्षांपूर्वी आपल्या चर्चच्या वेदीवरचं जुनं वस्त्र तपासायला आमच्याकडे आलं. त्यावरचा तपकिरी डाग तुम्ही पाहिलाय. चर्चच्या चाव्या सांभाळणारी डेल्फिना आजी म्हणायची, दिवाबत्ती करणाऱ्या बास्तियानला इथल्या सरदाराच्या माणसांनी वेदीवरच कापलं, त्याचं ते रक्त. सरदाराच्या घरचे म्हणायचे, नुसता रंग. चारशे वर्षं हेच भांडण.

डागावर चिकटपट्टी दाबायची, उचलायची आणि तिला लागून आलेले तंतू मायक्रोस्कोपखाली बघायचे. आम्ही दोघांनी बघितलं. वर गेरू, खाली रक्त. कुणीतरी रंग फासून खून झाकला होता. पण ओरेस्तेचं लग्न त्याच सरदाराच्या घराण्यात ठरलेलं. अहवालात त्याने लिहिलं, फक्त गेरू.

त्या वर्षीची हीच रात्र, दोन नोव्हेंबर, रविवार. वस्त्र परत वेदीवर आलं होतं; फाइलसाठी एक शेवटचा नमुना घ्यायला तो इथे आला.

"रक्तच ना, डॉक्टर?" आजीने विचारलं.

"नाही हो आजी. रंग आहे."

"मग जा, बास्तियानला तोंडावर सांगून या." तिने चावी त्याच्यापुढे आपटली.

रात्रीचे अकरा वाजून दहा मिनिटं. चर्चमध्ये तो एकटा. अंगठ्याने त्याने पट्टी दाबली. उचलायला गेला. निघेना. ओढली... निघेना. आणि खालून दाब आला. वस्त्राखाली दगड आहे, पोरांनो. तरी खालून... अंगठा. त्याच्या अंगठ्याला टेकलेला.

त्याने हात मागे खेचला.

कसाबसा हात सुटला. गाडीपाशी येऊन त्याने फोनवर अंगठा ठेवला. उघडेना. अंगठा सोललेल्या चेस्टनटसारखा गुळगुळीत, एक रेष नाही. सकाळी आजीला डागाशेजारी ठसा दिसला. ओला. लाल.

"खरं लिहून टाक," मी म्हणालो.

"लग्न मोडेल रे," तो म्हणाला.

दरवर्षी याच रात्री त्याचं आणखी एक बोट तसंच गुळगुळीत झालं, वस्त्रावर एक ठसा वाढला. गेल्या वर्षी दहावं. मला वाटलं, संपलं एकदाचं.

आता असे बघू नका माझ्याकडे. अहवालावर दुसरी सही माझी आहे. लाज वाटते मला. म्हणून आज ठरवलंय, सगळं खरं लिहून आत्ताच पाठवायचं.

किती वाजले? अकरा वाजून बारा मिनिटं?

थांबा...

पिएरो, तुझा फोन दे रे. माझा उघडत नाहीये.