कष्टमान

गिरणीसमोर आठ डबे रांगेत लागले होते आणि गोरख भांगरेच्या हातचं दळण कुणालाच पसंत नव्हतं.

"हे पीठ म्हणायचं का रवा?" ठकूबाईंनी चिमूट चोळून बघितली. "सुवर्णाला बसव बाबा गिरणीवर. कुठंय ती?"

"आक्का आजारी आहे," गोरख म्हणाला. सहा दिवसांत हे खोटं त्यानं शंभरदा तरी सांगितलं असेल.

आक्का आजारी नव्हती. ती मागच्या खोलीत खाटेवर छताकडं बघत पडली होती आणि आतल्या आत धुमसत होती. तिला तसं पाडून ठेवलं होतं खुद्द गोरखनंच, कारण तिच्या मनगटावर कष्टपट्टी होती.

तेवीस वर्षांपूर्वी राजूरच्या घाटात जीप उलटली आणि सुवर्णाचा मणका दुखावला. कंबरेखालचं निम्मं बळ गेलं. तेव्हापासून ती दोन कुबड्यांवर चालायची, बसल्या बसल्या गिरणी चालवायची, आणि तिला अपंगांची जुनी पेन्शन मिळायची. त्या पेन्शनीतून दर महिन्याचं इंजेक्शन यायचं. ते चुकलं की तिचे पाय लाकडासारखे ताठ व्हायचे आणि तिच्या तोंडून असा आवाज निघायचा की गोरख उठून अंगणात जायचा. त्याला ते बघवायचं नाही.

ती पेन्शन मिळायची अपंगत्वाच्या टक्क्यांवर. टक्के ठरवायचे डॉक्टरांच्या बोर्डानं. त्या काळी गोरखनं एक अक्कल विकत घेतली होती: बोर्डापुढं माणूस जितका लुळा दिसेल तितका बरा. आक्का चालू शकत असतानाही त्यानं तिला पाठकुळी घेऊन नेलं होतं. "दोन पावलं टाकलीस की दहा टक्के गेले समज," असं वर बजावलंही होतं. आणि काय सांगावं, साठ टक्के मिळाले की!

आता पेन्शन बंद होऊन 'आधारवेतन' येणार होतं. त्यात बोर्ड नाही, दाखला नाही. सात दिवस पट्टी बांधायची आणि घरी राहायचं. पट्टी काय ते बघून घेईल. माहितीपत्रकही आलं होतं, पण खाट डुगडुगत होती म्हणून गोरखनं ते घडी करून पायाखाली सरकवलं होतं. तपासणीतलं आपल्याला कळतं, याबद्दल त्याच्या मनात तिळभर शंका नव्हती. "सात दिवस हलायचं नाही," त्यानं फर्मान काढलं, "ताट, पाणी, सगळं मी हातात देईन."

त्या सहाव्या दिवशी, बाहेर डबे रांगेत असतानाच, पडताळणीला मुल्ला मॅडम आल्या. तरुण होत्या, घामेजल्या होत्या, बोलायला साध्या. त्यांनी हातातली काचेची पाटी पट्टीजवळ नेली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सुवर्णाताई, तुमचं सहा दिवसांचं सरासरी कष्टमान सहा आलंय. चाळिसाच्या खाली वेतन बसत नाही. उद्या हाच आकडा राहिला तर जुनी पेन्शन बंद, आणि नवंही नाही."

"सहा?" गोरख ओरडलाच. "अहो, बाई सहा दिवस जागची हलली नाही! डोळ्यांना दिसत नाही का?"

"तेच तर," मॅडम म्हणाल्या. "दादा, ही पट्टी काय जमत नाही ते बघतच नाही. जे जमतं, ते जमवायला देह किती झिजतो, ते बघते. स्नायू, काळीज, दुखणं, सगळं. तेच काम ह्याच वयाच्या धडधाकट बाईला किती जड गेलं असतं, ते तिला ठाऊक आहे. त्याच्या वर जे जातं ते कष्टमान. पडून राहायला कुणाला काय लागतं?"

आपणच आपल्या हातानं आक्काच्या पायावर धोंडा टाकला, हे गोरखला लख्ख कळलं. तरी जुनी खोड जाईना. आक्का उठून चालली आणि ह्या बाईनं 'हिला तर चालता येतं' असं लिहिलं तर?

"आक्का, पडून राहा..."

"सरक बाजूला," सुवर्णा म्हणाली. "पाठीला खाटेच्या दोऱ्या रुतल्यात माझ्या."

तिनं कुबड्या ओढल्या आणि ती उठली. मॅडमनी पाटीवर त्या त्या क्षणाचा आकडा लावला आणि ती गोरखच्या हातात दिली.

उठून उभं राहतानाच आकडा सत्तरवर गेला. गिरणीत उतरायला तीन पायऱ्या होत्या, उंबऱ्याएवढ्याच उंच. त्या आक्का रोज उतरायची, रोज चढायची. गोरखनं त्यांच्याकडं कधी नीट बघितलंही नव्हतं. पहिल्या पायरीला एकशेवीस. दुसरीला एकशेऐंशी. तिसरीवर तिचा डावा पाय थरथरला, ती क्षणभर थांबली, ओठ दाबून पुढं झाली, आणि दोनशे चाळीस! ती स्टुलावर टेकली, ज्वारीचा डबा मांडीवर घेऊन तिनं गिरणीत ओतला, आणि मान वाकडी करून जात्याच्या आवाजाकडं कान दिला. तोंडावर एक रेघ हलली नाही. काचेवर मात्र आकड्यांचा नुसता डोंगर उभा राहत होता.

"हे बरोबर आहे का हो?" गोरखनं पाटी मॅडमपुढं धरली.

"बरोबर आहे. रोज एवढं काम करत असतील, तर धडधाकट माणसानं कळसूबाई चढून उतरावं इतकं होतं."

"रोज?"

"रोज."

तेवीस वर्षं! बाहेरच्या बायकाही दाराशी येऊन बघायला लागल्या. ठकूबाईंनी पदर तोंडाला लावला. एवढ्याशा कामाला तासभर लागतो का गं तुला, असं गोरख तिला कितीदा म्हणाला होता. त्याला वाटलं, ही आपली बहीण आपण आज पहिल्यांदाच बघतोय. पाटी बाजूला ठेवून त्यानं तिला हात जोडले.

"म्हणजे मी आळशी नव्हते रे," सुवर्णा हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. "मलासुद्धा तसंच वाटायला लागलं होतं."

"हे सहा दिवस मी रद्द करते," मॅडम म्हणाल्या. "उद्यापासून नव्यानं सात दिवस मोजू. रोजच्यासारखं जगा फक्त. वेतन भरपूर बसेल."

गोरख मात्र ऐकतच नव्हता. तो परड्यातून पहार घेऊन आला. "आधी ह्या पायऱ्या फोडतो. रविवारपर्यंत सिमेंटचा उतार करून देतो, आक्का. तेवीस वर्षं उशीर झाला."

मॅडम अडखळल्या. "दादा... सांगायला जड जातंय. पायऱ्या गेल्या तर कष्टमान उतरेल. त्याबरोबर वेतनही उतरेल. कदाचित चाळिसाच्या खालीही."

गोरखची पहार तशीच हवेत राहिली. गिरणी थांबली होती. इंजेक्शन की पायऱ्या, हा हिशेब त्याच्या डोक्यात बसेना, आणि आजवरची सगळी अक्कल त्याला फुकटची वाटली.

"थांबलास का? मार," सुवर्णा म्हणाली. पहिला घाव पडला, सिमेंटची ढलपी उडाली. मग ती मॅडमकडं वळली. आवाजात राग नव्हता, नवल होतं.

"एवढं सगळं ओळखणारं यंत्र केलंत तुम्ही, बाई. मग त्यालाच विचारून सांगा ना मला. उद्या मी कमी मरमरून जगायला लागले, तर माझा मणका बरा झाला, असं ते धरणार का?"