डावं दार

काम अगदी साधं होतं. अर्लीनबाईंच्या नवऱ्याची रक्षा नदीवर सोडायची आणि जेवणाच्या वेळेला परत यायचं. त्यांचा कर्टिस व्हिएतनामच्या लढाईत याच हेलिकॉप्टरवर मशीनगन चालवायचा. आता ते जुनं धूड आमच्या अलाबामातल्या माजी सैनिकांच्या मंडळाकडे आहे, आणि ते मी उडवते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. असलं काही दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर मी तोंडावर हसले असते.

आमचा एक रिवाज आहे, लढाईपासूनचा. मागची दोन्ही दारं उघडी ठेवायची आणि दोन्ही दारांत एकेक माणूस बसवायचा. वळण्याआधी पायलटने विचारायचं, "डावीकडे?" दारातला माणूस बाहेर वाकून बघतो आणि "मोकळं" म्हणतो, मगच वळायचं. त्या दिवशी डाव्या दारातला आमचा माणूस तापाने फणफणला होता. आमचा म्हातारा मेकॅनिक हॉलिस म्हणाला, जाऊन तर यायचंय, एक दार रिकामं राहिलं म्हणून काय आभाळ कोसळतंय? मी बरीच कुरकुर केली. पण अर्लीनबाई काळा पोशाख करून, रक्षेचा डबा छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांना परत कसं पाठवणार? हॉलिस त्यांना घेऊन उजव्या दारात बसला.

उन्हं कलली होती. खाली कापूस फुटून शेतं पांढरीशुभ्र झाली होती. पात्यांची ती धपधप अंगात भिनत होती, आणि नदी नुकती दिसू लागली होती. तेवढ्यात मला वास आला... करपलेल्या ग्रीसचा. मग मागून एक बारीक कुरकुर, कुणी दात खावेत तशी. हॉलिसला विचारणार, तोच धाडकन आवाज झाला. शेपटीचा पंखा फिरवणारा दांडा तुटला होता.

तो पंखा गेला की हेलिकॉप्टर स्वतःभोवती गरगरतं. ते गरगरलंच. नदी, आभाळ, कापूस, सगळं एकात एक कालवलं गेलं. मागे अर्लीनबाई मोठ्याने देवाचं नाव घेत होत्या. यावर इलाज एकच, इंजिन बंद करायचं. गरगर थांबते, पण मग यंत्र खाली कोसळू लागतं, आणि वाऱ्यावर फिरणाऱ्या पात्यांच्या जिवावर एकाच खेपेत उतरावं लागतं. चुकलात की संपलात. मी इंजिन बंद केलं. पाचावर धारण बसली होती, खोटं कशाला बोलू?

डावीकडे एक हिरवं कुरण दिसलं. सवयीने तोंडातून गेलं, "डावीकडे?"

हेडफोनमध्ये खरखर झाली.

"नको," कुणीतरी म्हणालं. शांत, कोवळा आवाज. "तारा आहेत... सरळ घे."

विचार करायला वेळ कुठे होता? सरळ घेतलं. विजेच्या तारा डाव्या अंगाने सर्रकन मागे गेल्या. मला त्या दिसल्याच नव्हत्या. समोर कापसाचं शेत वर वर येत होतं.

"शेपूट?"

"मोकळी... अजून थोडं खाली... अजून... आता."

मी हेलिकॉप्टरचं नाक वर ओढलं. यंत्र हवेत क्षणभर सावरलं, कापसात टेकलं, घसरत गेलं आणि थांबलं. सरळ, ताठ, एक ओरखडासुद्धा नाही!

मी ओरडले. गावजत्रेत ओरडावं तशी ओरडले. हॉलिसने मला खाली ओढून मिठी मारली आणि हमसून हमसून रडला. शेताचा मालक गाडी घेऊन धावत आला. आम्ही धडधाकट आहोत असं बघून म्हणाला की, कापूस वेचायची ही तऱ्हा त्याने आजवर पाहिली नव्हती. आम्ही तिघंही इतकं हसलो की पोटं दुखली. जिंकलो होतो आम्ही, मरणाच्या हातातून जीव हिसकून घेतला होता.

"काळ आला होता, पण वेळ आली नव्हती," हॉलिस डोळे पुसत म्हणाला.

मी म्हटलं, अर्धं श्रेय तुझं, तू डावीकडे जाऊन तारा बघितल्यास.

त्याचं हसू विरलं. "मी? मी अर्लीनबाईंना धरून बसलो होतो. जागचा हललो नाही... मला वाटलं, तू स्वतःशीच बोलतेयस."

आम्ही दोघांनी त्या डब्याकडे पाहिलं. मी अर्लीनबाईंच्या पायाशी बसले आणि सांगितलं, "तुमच्या कर्टिसने आणलं आपल्याला. डाव्या दारातून तो मला वाट दाखवत होता."

डब्यावर कापूस चिकटला होता, तो त्या काढत राहिल्या.

"कर्टिस उजव्या दारात बसायचा गं," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणून तर मी तिथे बसले. डाव्या दारात कोण होतं, ते त्याने मला कधी सांगितलं नाही. पण आमच्या पलंगाची डावी बाजू तो जन्मभर मोकळी ठेवायचा. मी कधी तिकडे सरकले, तर दबक्या आवाजात म्हणायचा, तिथे नको... आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."