खोली कालच गेली

बराका जयपुरातल्या आमच्या मानसरोवरच्या स्टुडिओत शिरला, तेव्हा मला वाटलं, पासपोर्टचा फोटो काढायला आलाय. मी आपली खुर्ची पुढे सरकवली. तो हसला, खिशातून हार्ड डिस्क काढली आणि चांगल्या साफ हिंदीत म्हणाला की त्याला स्वतःच्या चित्रपटाचे रंग नीट करून हवेत. असलं हसू... बाई गं, माझं त्या दिवसाचं काम तिथेच बिघडलं.

आम्ही लग्नाचे व्हिडिओ करणारे. आमच्याकडे नवरदेव कितीही सावळा येवो, जाताना गव्हाळ होऊनच जातो. ती किमया माझी. पण याचा चित्रपट निराळाच. टांझानियाहून इंजिनिअरिंगला आलेला एक मुलगा जयपुरात खोली शोधतो, आणि दार उघडणारा जो तो त्याचा चेहरा बघून म्हणतो, खोली कालच गेली. चार मित्र, एक उसना कॅमेरा आणि नायक स्वतः बराका. कुठे रडारड नाही, भाषण नाही. एका दृश्यात भरलेल्या बसमध्ये त्याच्या शेजारची जागा शेवटच्या स्टॉपपर्यंत रिकामीच राहते, आणि हा पठ्ठ्या खिडकीबाहेर बघत शीळ घालतो. ते बघून मला जेवण गेलं नाही.

आणि तरी मी काय केलं? दुसऱ्या दिवशी पहिली दहा मिनिटं तयार करून दाखवली, तर पडद्यावरचा बराका चांगला दोन छटांनी उजळ! हाताची सवय, दुसरं काय.

त्यानं दहाही मिनिटं पुरी बघितली. मग शांतपणे म्हणाला, "या माणसाला तर पहिल्याच घरमालकानं खोली दिली असती. मग माझा चित्रपट कशाला?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तो डिस्क काढायला वाकला, तर मी त्याचा हातच धरला — आणि सोडायचं विसरले. त्यानंही आठवण करून दिली नाही.

पुढचे सहा दिवस मी तो चेहरा आहे तसा शिकले. मतलब, काळा म्हणजे एकच रंग नसतो हो! उन्हात तांब्यासारखा... सावलीत निळसर... तो शेजारी बसून चहा पीत चिडवायचा की मोनालीजी, चित्रपटात इतर लोकही आहेत. मी म्हणायचे, असतील बापडे, त्यांचे रंग ठीक आहेत.

सहाव्या दिवशी त्यानं सरळ सांगून टाकलं की मी त्याला आवडते. आणि लगेच म्हणाला,

"पण चोरून नको. बंद दारापुढे मी खूप उभा राहिलोय, मोनाली. तुझ्या दारापुढे नाही उभा राहणार."

मुरलीपुऱ्यातल्या आमच्या घरी हे तोंडानं सांगायची माझी हिंमत नव्हती. मी एवढंच केलं — शनिवारी संध्याकाळी एका छोट्या सभागृहात चित्रपट दाखवायचा होता, तिथे बाबांना घेऊन गेले.

चित्रपट संपला. टाळ्या जरा उशिराच आल्या, पण आल्या त्या थांबेनात. माझे बाबा रेल्वेत गार्ड, अकोल्याचे. ते टाळ्या न वाजवता उठले आणि थेट बराकापाशी गेले. त्याला सांगू लागले की बदली होऊन इथे आलो, क्वार्टर मिळालं नव्हतं, आणि आडनाव ऐकलं की लोक दार लावून घ्यायचे. तू खरं दाखवलंस बेटा, असं म्हणून त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. उद्या घरी जेवायलाच ये म्हणाले.

बराकानं माझ्याकडे पाहिलं. पाहुण्याला ताट वाढणं वेगळं आणि जावई म्हणून वाढणं वेगळं, हे त्यालाही ठाऊक होतं.

"बाबा, तो पाहुणा म्हणून नाही येणार," मी म्हणाले. "मला हा आवडतो. मला याच्याशीच लग्न करायचंय."

खांद्यावरचा हात थबकला. मला वाटलं, आता खाली येतो... पण नाही आला. बाबांनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मोठा श्वास सोडला.

"वऱ्हाडी रस्सा झेपेल का, विचार त्याला," ते मला मराठीत म्हणाले. "आणि हे बघ, तुझ्या आईला मी नाही सांगणार. तिला तुझं तूच सांगायचं."