स्क्रीन यायच्या आधी

भांडुप स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षात मागे तीन माणसं आरामात बसतात. दोन माणसं आणि कॉम्प्युटरचं एक कॅबिनेट मात्र बसत नाही, हे तेजलला त्या शनिवारी संध्याकाळी कळलं. खोका आडवा घातला तर बाहेर येत होता, उभा धरला तर छताला लागत होता.

"मॅडम, फ्रिज घेतला काय?" रिक्षावाल्याने विचारलं.

आत आधीच बसलेला एक जण कडेला सरकला आणि त्याने हात पुढे केले. "द्या इकडे. अर्धा माझ्या मांडीवर, अर्धा तुमच्या."

झालं! रिक्षा निघाली. मधे खोका, अलीकडे तेजल, पलीकडे तो. चेहरा दिसायची सोयच नव्हती. दिसत होती ती फक्त खोक्याची कड धरलेली चार बोटं, आणि त्यातल्या एकावर खडूची पांढरी पूड.

"असेंबल करताय?" पलीकडून आवाज आला. "स्वतः?"

"हो. का? मुलींनी करू नये?"

पलीकडे एकदम शांतता. तेजलने मनातल्या मनात शिक्का मारून टाकला – आगाऊ. रिक्षा टेकडीच्या चढाला लागली, एका गतिरोधकावर दोघांनी मिळून खोका सावरला, आणि तेव्हा कुठे उत्तर आलं.

"तसं नाही. मीही करायचो... कॉलेजात. हल्ली कुणी करताना दिसत नाही, म्हणून विचारलं."

"मग सोडलं का?"

पुन्हा शांतता. मग, "एसएमपीएसच्या मागचं लाल बटण आठवतं?"

आठवतं म्हणजे काय! पॉवर सप्लायच्या पाठीवरचं व्होल्टेज बदलायचं ते इवलंसं बटण चुकीच्या बाजूला असलं की काय होतं, हे त्या काळातल्या प्रत्येकाला माहीत होतं. "तुम्ही ते...?"

"फाट! अख्खं हॉस्टेल अंधारात. दुसऱ्या दिवशी परीक्षा. पोरांनी मला इतकं प्रेमाने समजावलं, की मी सरळ भूगोलाकडे वळलो."

तेजल इतक्या जोरात हसली की रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. उतरल्यावर खोका बाजूला झाला, आणि तिने त्याला पहिल्यांदा नीट बघितलं. सावळा, उंच, चष्म्याची एक काडी जरा वाकडी. नाव सम्यक. मुलुंडच्या शाळेत भूगोल शिकवतो, राहतो तिच्यापासून दोन गल्ल्या सोडून. आणि डोळे... डोळ्यांचं नंतर बघू, असं तिने स्वतःला बजावलं.

तेजलला सगळं दोन मिनिटांत कळतं, असं तिची आई कमलताई चारचौघांत सांगायची. पूर्वी कौतुकाने सांगायची, हल्ली काळजीने. कॉलेजात असताना तेजलने अर्ध्या कॉलनीचे कॉम्प्युटर जोडून दिले होते. तेव्हाचं मशीन सरळ होतं. बटण दाबलं की एक 'पीप' वाजायचा आणि स्क्रीन यायची. दोन मिनिटांत आली नाही, तर बंद करा, उघडा, चूक शोधा. हाच नियम तिने पुढे माणसांनाही लावला. बघायला आलेल्या मुलांपैकी बहुतेकांचा निकाल चहा कपात असतानाच लागायचा.

मग बाबा आजारी पडले. दवाखाने झाले, मरोळची नोकरी आली, आणि एक दिवस बाबाही राहिले नाहीत. ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर सगळं भागत होतं. बाबांच्या हत्यारांच्या डब्यात तिचा स्क्रू ड्रायव्हर कितीतरी वर्षं तसाच पडून होता. या दिवाळीच्या साफसफाईत तो हाताला लागला, आणि तिला एकदम हुंदका आला. बाबा बाजूला टॉर्च धरून बसायचे. काही कळायचं नाही त्यांना, पण दर वेळी स्क्रीन आली की टाळ्या वाजवायचे.

"अगं, लॅपटॉप आहे ना?" कमलताई म्हणाल्या होत्या.

"आहे. पण मला माझ्या हातचा हवाय."

पुढचे काही रविवार मजेत गेले. एकदा प्रोसेसर, एकदा रॅम, असं करत अंधेरीच्या दुकानातून सामान जमत गेलं, आणि दर वेळी सम्यकला योगायोगाने तिकडेच काम निघायचं. दुकानात तेजलने प्रोसेसर उलटा करून पाहिला आणि तिचा चेहराच पडला.

"याच्या पिना कुठे गेल्या रे?" 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नव्हतं.

सम्यकने वाकून पाहिलं. विचार केला. "आता त्या मदरबोर्डवर असतात वाटतं."

"म्हणजे आपण म्हातारे झालो."

त्याने तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. दुकानदाराने दुसऱ्या गिऱ्हाइकाचं बिल केलं, पिशवी दिली, तरी हा पाहतोच आहे. मग म्हणाला, "तू नाही."

दोन शब्द! तेजलला ते भांडुप येईपर्यंत पुरले.

तिला त्याचं हे उशिरा बोलणं छळायचंही. काही विचारलं की हा गप्प. वर्गात मुलं काय करत असतील कोण जाणे. पण बोलला की खोटं बोलायचा नाही, हे तिला हळूहळू कळत होतं. आणि रविवार उजाडला की ती गजर व्हायच्या आधीच जागी होत होती, हेही.

शेवटी तेजलच्या घरी जोडणीचा दिवस आला. बुद्धांच्या तसबिरीखालच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून सगळं मांडलं. सम्यकने शर्टाच्या खिशातून बँडेजची पट्टी काढून दाखवली.

"ही कशाला?"

"कॅबिनेट चावतं. जुना अनुभव."

"नवीन कॅबिनेटच्या कडा दुमडलेल्या असतात, सर. एवढं तरी बघायचं."

त्याने पट्टी परत खिशात ठेवली. "असू दे. तू आहेस म्हटल्यावर काहीतरी होईलच."

तिने स्क्रू ड्रायव्हर फिरवायचा, त्याने टॉर्च धरायचा. टॉर्च त्याने आपणहून उचलला, तेव्हा तेजलचे हात क्षणभर थांबले. तिने काही सांगितलं नव्हतं. पण आता हे मशीन चालायला हवं, आणि हा माणूस इथेच बसलेला हवा, या दोन्ही गोष्टी तिला सारख्याच जोराने हव्याशा वाटल्या.

सगळं लागलं. तिने बटण दाबलं. पंखे फिरले, आतला दिवा लागला, आणि स्क्रीन... काळी.

दोन मिनिटं. बंद. रॅम काढून परत बसवली. पुन्हा बटण, पुन्हा काळी. बंद. वायरी तपासल्या. पुन्हा तेच. मोबाइलवर शोधलं, तर प्रत्येक जण वेगळंच सांगत होता. एकाने घराचं वायरिंग बघा म्हटलं, एकाने सगळंच बदला म्हटलं.

"वाट लागली," तेजल खाली बसत म्हणाली. "मला आता जमत नाही. संपलं ते."

"अजून एकदा बघू ना."

"काय बघणार? मेलंय ते. तू तरी का रविवार घालवतोस?" आवाज तिच्याही नकळत चढला. तिने हात लांब करून बटण पुन्हा दाबलं, उगाच, रागाने. पंखे घुरघुरायला लागले. आणि मग जे अनेक रविवार ओठांवर होतं, ते बाहेर पडलं. "सम्यक, सरळ विचारते. तू या डब्यासाठी येतोस की... माझ्यासाठी?"

सम्यकच्या हातातला टॉर्च अजून पेटलेलाच होता. त्याने त्या उजेडाकडे पाहिलं. मग जमिनीकडे. पंखे फिरत राहिले.

तेजलने वाट पाहिली. तिच्या हिशोबाने खूपच पाहिली.

"राहू दे," ती उठली. "कळलं."

"तेजल, मी—"

"कळलं रे. जा तू."

त्याने टॉर्च हळूच बंद करून टेबलावर ठेवला. चपला घातल्या. दारात एकदा थांबला, पण तिने पाठ केली होती. डोळे भरले होते आणि ते तिला कुणाला दाखवायचे नव्हते. ती तशीच स्वयंपाकघरात गेली आणि बेसिनचा नळ मोठा सोडला.

"गेला?" चहाचं आधण ठेवलेल्या कमलताईंनी विचारलं. "मी तीन कप टाकलाय."

"त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आई."

कमलताईंनी गॅस बारीक केला आणि लेकीच्या पाठीवर हात फिरवला. चहा उकळला, आलं पडलं, दूध पडलं, गाळणं सापडेना म्हणून दोन डबे उघडून झाले. कप घेऊन त्या बाहेर गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "तेजू! हे काय लागलं गं?"

तेजल धावत बाहेर आली. स्क्रीन उजळली होती! पांढरी अक्षरं, प्रोसेसरचं नाव, रॅमचा आकडा, सगळं जागच्या जागी. कमलताई हातातले कप सांभाळत थक्क होऊन बघत होत्या.

"तू हात लावलास?"

"मी कशाला लावू? आपोआप आलं."

तेजलने मोबाइल उघडला. आता काय शोधायचं ते माहीत होतं, म्हणून लगेच सापडलं. नवी रॅम आणि मदरबोर्ड पहिल्यांदा एकत्र येतात, तेव्हा मशीन आधी तिची ओळख करून घेतं. त्याला काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते. मध्येच बंद केलं, की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मशीन मेलं नव्हतं. दर वेळी तीच त्याला मध्येच बंद करत होती. आज रडायच्या नादात बंद करायचं राहून गेलं, एवढंच.

ती खिडकीशी गेली. खाली नाक्यावर सम्यक उभा होता. एक रिक्षा आली, गेली. दुसरी आली, गेली. तो कुठल्याच रिक्षात बसत नव्हता. मुळात दोन गल्ल्यांसाठी त्याला रिक्षा हवीच कशाला होती!

तेजल जिना उतरली कसली, कोसळलीच. शेवटच्या पायरीला अंगठा ठेचला. नाक्यावर पोचली तेव्हा एका पायात तिची चप्पल होती, दुसऱ्यात आईची.

"स्क्रीन आली," ती धापा टाकत म्हणाली.

सम्यकने डोळे मोठे केले. "...कशी?"

"बंद करायला विसरले. त्याला पहिल्यांदा वेळ लागतो. ते चालूच होतं रे, मीच मध्ये..." तिला पुढे बोलता येईना.

तो हसला, अगदी थोडंसं. मग म्हणाला, "मघाशी तू जे विचारलंस..."

"घाई नाही," तेजल म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाली.

आणि थांबली. सोपं नव्हतं ते. रिक्षावाल्याने 'येताय का' विचारलं, तिने मानेनेच नाही म्हटलं. भाजीवाल्याच्या गाडीवर कोथिंबिरीवरून घासाघीस चालली होती. संपली, तरी सम्यक गप्पच. जिभेवर चार प्रश्न आले आणि तिने चारही गिळले. त्याच्या कपाळावर घाम होता, बोटं चष्म्याच्या वाकड्या काडीशी चाळा करत होती, आणि ओठ एकदा उघडून मिटले. तो गप्प नव्हताच. आत त्याचं सगळं चालू होतं. हे तिला इतक्या दिवसांत कधी दिसलंच नव्हतं, कारण ती बघायला थांबलीच नव्हती.

"माझ्या घरी लॅपटॉप आहे," तो शेवटी म्हणाला. "मी तोही फारसा उघडत नाही. अंधेरीला माझं काहीही काम नव्हतं... एकदाही नव्हतं. मी तुझ्यासाठी येतो, तेजल. पहिल्या दिवशी रिक्षात तू हसलीस ना, तेव्हा मला त्या खोक्याचा फार राग आला होता."

तेजलच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि हसूही आलं.

"मग मघाशी बोलला का नाहीस?"

"हे नीट बोलायचं होतं. घाईत चुकीचं बटण दाबलं की काय होतं, ते मी पाहिलंय."

ती पुन्हा तशीच हसली, रिक्षात हसली होती तितक्याच जोरात. त्याची नजर खाली गेली. तिच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. त्याने खिशातून पट्टी काढली, भर नाक्यावर खाली बसला आणि शांतपणे, काळजीपूर्वक ती तिच्या अंगठ्याला गुंडाळली.

"म्हटलं होतं ना," तो खालूनच म्हणाला, "काहीतरी होईलच." मग त्याने वर पाहिलं. "आता तू सांग. माझं तर सांगून झालं."

सगळं दोन मिनिटांत कळणाऱ्या तेजलला एक शब्द सुचेना. तिने नुसता हात पुढे केला.

सम्यकने तो धरला. उठून उभा राहिला, आणि काहीही न विचारता वाट पाहत थांबला.

"हो," तेजल म्हणाली. "चल वर. आईने तीन कप चहा टाकलाय."