तिसऱ्या हौदातलं पाणी

जे पाणी जवळजवळ स्वच्छ आहे, ते ओतून का द्यायचं? या एका प्रश्नानं त्या शनिवारी माझं डोकं खाल्लं होतं.

गोष्ट २०६१ सालची, सोलापूरच्या एका रंगारखान्यातली. तिथे टॉवेलांचं सूत रंगवतात. माझी मोठी बहीण पद्मजा, म्हणजे आमची अक्का, कॉलेज संपवून महिन्यापूर्वीच तिथे नोकरीला लागली होती. मी तिचा डबा घेऊन गेले, तेव्हा पिळ्या कामात होता. पिळ्या हा तिथला यंत्रमानव. रंगवलेल्या सुताच्या लड्या तो पहिल्या हौदात खळबळायचा, पिळायचा, मग दुसऱ्या हौदात, मग तिसऱ्यात. खेप संपली की तिन्ही हौद रिकामे करून पुन्हा ताज्या पाण्यानं भरायचा. पहिल्या हौदातलं पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. तिसऱ्यात मात्र तळाची फरशी स्पष्ट दिसत होती!

"पिळ्या, हे कशाला सोडून दिलंस?" मी विचारलं.

"नियम सातवा. तिन्ही हौदांना ताजं पाणी."

मी अक्काकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. तिथे सगळ्यांचेच चेहरे उतरलेले होते, कारण शहरात पाणी कमी पडलं होतं आणि सोमवारपासून रंगारखान्याला निम्मंच मिळणार होतं. निम्म्या पाण्यात एकच पाळी चालते. म्हणजे दुपारची पाळी बंद! आणि दुपारी लड्या वाळवायला येणाऱ्या बायकांमध्ये आमची अम्मा होती.

मला रागच आला. "अक्का, कॉलेजात शाश्वत विकासावर (आजची गरज अशी भागवायची, की उद्याच्या माणसांनाही पुरेल) एवढं मोठं पोस्टर काढलंस. बक्षीससुद्धा मिळवलंस. त्यात पाणी वाचवायचा धडा होता की! तो काय फक्त परीक्षेपुरता?"

"अगं, मी इथे सगळ्यांत नवी. लक्ष्मीपती मास्तर चाळीस वर्षं रंगाचं काम करतायत. त्यांना मी शिकवू?"

"मग बसव अम्माला घरी."

बोलून गेले आणि माझं मलाच वाईट वाटलं. पण अक्का ताडकन उठली आणि थेट मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली.

"मास्तर, एका हौदाच्या पाण्यात तीन हौदांचं काम होईल. मला आजच करून बघू द्या."

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "आपल्या टॉवेलाचा रंग आजवर कुणाच्या अंगाला लागला नाही, पोरी. सुतात न मुरलेला, सुटा रंग उरला तर नाव माझं जाईल."

"रंग लागला तर मी पुन्हा या विषयावर तोंड उघडणार नाही."

मास्तरांनी एक खेप दिली. अक्का घाईघाईनं म्हणाली, "पिळ्या, पाणी टाकू नकोस. एका हौदातून पुढच्या हौदात घे." पिळ्यानं अगदी सांगितलं तसंच केलं. पहिल्यातलं लालभडक पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातलं तिसऱ्यात! लड्या शेवटच्या हौदातून निघाल्या, त्याही लाल पाणी गाळतच.

"झालं समाधान?" मास्तर म्हणाले.

मला वाटलं, आता अक्का रडणार. पण तिनं खडू उचलला आणि जमिनीवर तीन चौकोन काढले.

"चूक माझी आहे, दिशा चुकली. लावण्या, इकडे ये. सुतातला रंग पाण्यात का उतरतो?"

"सुतात जास्त रंग आहे, पाण्यात कमी आहे, म्हणून."

"बरोबर. याला विसरण म्हणतात (जास्त असेल तिथून कमी असेल तिकडे पसरणं). म्हणजे पाणी एकदम निर्मळ असायलाच हवं असं नाही. त्यात सुतापेक्षा कमी रंग असला की पुरे. आता सांग, सगळ्यांत जास्त रंग असलेल्या लड्या कुठे असतात?"

"पहिल्या हौदात. अगं, मग त्यांना वापरलेलं पाणीही चालेल की!" मी ओरडलेच. "ताजं पाणी फक्त शेवटच्या हौदाला हवं!"

"म्हणून सूत जाईल पहिल्याकडून तिसऱ्याकडे, आणि पाणी येईल तिसऱ्याकडून पहिल्याकडे. ही प्रतिधारा (एकमेकींच्या उलट दिशेनं जाणाऱ्या धारा). सुरुवातीला एकदाच तिन्ही हौद भरायचे. मग दर खेपेला पहिल्यातलं पाणी सोडायचं, दुसऱ्यातलं पहिल्यात घ्यायचं, तिसऱ्यातलं दुसऱ्यात, आणि ताजं पाणी एकट्या तिसऱ्यात."

"दर खेपेला तीन हौदांऐवजी एक," पिळ्या म्हणाला. "दोन्ही पाळ्या चालतील."

मास्तरांनी वाकून त्या चौकोनांवरून बोट फिरवलं. "एका खेपेनं काही कळत नाही. तेच पाणी फिरून फिरून गढूळ झालं तर? पाच खेपा करा."

पाच खेपा झाल्या. प्रत्येक वेळी मी तिसऱ्या हौदात वाकून फरशी दिसते का बघत होते. शेवटच्या खेपेची एक ओली लड मास्तरांनी नव्याकोऱ्या पांढऱ्या कापडात गुंडाळली आणि वरून कडकडीत इस्तरी दाबून धरली. त्यांनी कापड उलगडलं, उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं. लाल ठिपकासुद्धा नाही!

"पिळ्या, सातवा नियम बदल," मास्तर म्हणाले. "पद्मजा सांगेल तसा लिही."

मी अम्माला सांगायला निघालेच होते, पण मास्तरांनी रंगाच्या कढईकडे बोट केलं. तिच्यातलं उकळतं पाणी वाफाळत गटारात चाललं होतं. "आणि ही आच रोज फुकट जाते. याचं काय शिकवलं तुझ्या कॉलेजात?"

"हे नाही शिकवलं, मास्तर," अक्का म्हणाली. तिची मान आता खाली नव्हती. "पण पावसाळ्यात लड्या वाळत नाहीत म्हणून अम्मा रोज कुरकुरते. तिथे ही आच नेता येईल का, हे तिलाच विचारू. कुठे किती ऊब लागते, ते तिच्याइतकं कुणाला माहीत?"

मी धूम ठोकली. अम्माला एवढंच सांगायचं होतं: सोमवारी नेहमीसारखी कामावर ये, आणि येताना तुझ्या सगळ्या तक्रारी घेऊन ये.