अमृतप्पांची विभूती

बंटी, दार लोटून घे रे. हसायचं असलं तर आत्ताच हसून घ्या, मागनं हसू येणार नाही. ही गोष्ट आमच्या धोंडप्पाच्या राजशेखरची. हुमनाबादकडच्या एका दवाखान्यात तो कंप्युटर सांभाळायचा. गेल्या वर्षीची खांडेनवमीची, दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं-यंत्रं पुजतात ती रात्र.

त्याच्या आधी ते काम अमृतप्पांकडं होतं. श्रावणात ते वारले. मळणी यंत्रात त्यांचं मधलं बोट तुटलेलं, म्हणून विभूतीचे तीन पट्टे ओढायला गेले की दोनच उठायचे, मधली जागा कोरी. खांडेनवमीला सर्व्हरलाही, दवाखान्याच्या सगळ्या नोंदी ठेवणाऱ्या मोठ्या कंप्युटरला, तसेच पट्टे ओढायचे आणि बजावायचे, "आज ह्याला सुट्टी. सकाळपतोर कुणी हात लावायचा न्हाई."

राजशेखर पडला शिकलेला! संध्याकाळी शिपायांनी सर्व्हरची पूजा केली, विभूती लावली. ह्यानं "पंख्यात राख जाती" म्हणत ती फडक्यानं पुसली आणि सिक्युरिटीचं अपडेट चढवलं. सिस्टिमची एक लायब्ररी, बाकीचे प्रोग्राम जिच्या आधारानं चालतात ती फाईल, नवी झाली. काम फत्ते.

मग सगळ्या नोंदींचा डेटाबेसच बंद पडला. चालू केला, पडला. पुन्हा केला, पुन्हा पडला.

तेवढ्यात दाजींचा, बसवप्रभूंचा फोन. "राजू, सौम्याचं रक्त थांबंना झालंय. तिच्या गटाची पिशवी फ्रिजात न्हाई. रक्त देणाऱ्यांचे नंबर कंप्युटरात हायत, अन् नर्स म्हणायलीय कंप्युटर बंद हाय. कामून रे?"

सौम्या त्याची सख्खी थोरली बहीण. वरच्याच मजल्यावर बाळंत झालेली. राजशेखरच्या तोंडचं पाणी पळालं.

"बघायलोय दाजी," एवढंच तो बोलला.

कुठं काय बिघडलं ते मशीन लिहून ठेवतं, तो लॉग वाचला. दर वेळी डेटाबेस त्या नव्या लायब्ररीपाशीच कोसळत होता. जुनी परत बसवायची, एवढाच उपाय. पण जुनी सर्व्हरवर उरलीच नव्हती. नेटवरनं उतरवायला लावली, तर नेट असं की पडद्यावरची रेघ अर्ध्यावर येऊन अडली. हलेचना. त्याला रडू फुटलं.

"अमृतप्पा, चुकलं माझं... अक्काला वाचवा."

सर्व्हरच्या खोलीच्या दाराला आतून कडी होती.

ओल्या विभूतीचा वास आला.

मागची खुर्ची करकरली.

त्यानं वळून बघितलं नाही...

दिवे गेले. पडदाही काळा. अंधारात कीबोर्ड वाजायला लागला. टक. टक. टक... मग थांबला.

"अमृतप्पा...?"

...

दिवे आले. डेटाबेस चालू होता. जुनी लायब्ररी आपल्या जागी होती. उतरवण्याची रेघ मात्र अजून अर्ध्यावरच.

त्यानं रक्त देणाऱ्यांचे नंबर काढले. जवळच्या निर्णा गावचा एक मास्तर मोटरसायकल पिटाळत आला, रक्त दिलं. सौम्या वाचली. राजशेखर दाजींच्या गळ्यात पडून लहान पोरागत रडला.

पहाटे तो खोलीला कुलूप लावायला गेला. दारातच थबकला.

पुसलेल्या सर्व्हरवर विभूती होती. ओली. पाणी अजून खाली ओघळत होतं.

दोनच पट्टे. मधली जागा कोरी.