घागर उतरवताना

जहाजावर चीफ इंजिनीअर असताना ह्यूस्टनच्या जुन्या बाजारात मी तो फोटो घेतला होता. आता तो आमच्या सिंगापूरमधल्या, सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर असतो. शंभरेक वर्षांपूर्वीची एक प्वेब्लो बाई, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या, मातीच्या घरांच्या गावातली. डोक्यावर रंगवलेली घागर, तिला एक हात लावलेला, मागे मातीची भिंत. पाणी घेऊन घरी निघालेल्या बाईला फोटोग्राफरने वाटेत थांबवलंय, हे स्पष्ट दिसतं.

सविताचा त्या फोटोग्राफरवर भारी राग. “मेल्याने किती वेळ उभं करून ठेवलंय बिचारीला! मान बघा तिची. घागर भरलेली आहे.”

मानेचं दुखणं माझ्या बायकोला कळणारच. गेल्या वर्षी तिचं मणक्याचं ऑपरेशन झालं. ओझं उचलायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. तेव्हापासून कोथिंबिरीची जुडीसुद्धा मी उचलतो आणि ती मला हमाल म्हणते. मला ते आवडतं.

परवा चैत्रातलं हळदीकुंकू झालं. ओळखीच्या बायका येऊन गेल्या. उन्हं उतरली होती, मी पन्ह्याचे ग्लास आत नेत होतो. सविता करंडा घेऊन फोटोपुढे गेली.

“तू तेवढी राहिलीस. पण डोक्यावर ओझं ठेवून कुंकू कसं घेणार? थांब, उतरवायला हात लावते.”

“पन्हं पण दे तिला, उरलंय!” मी स्वयंपाकघरातून ओरडलो.

परत आलो तर सविताच्या कपाळावर ताजं कुंकू होतं. जरा वाकडं, रुंद बोटाचं.

“हे कुणी लावलं?”

“आपण लावलं की समोरची उलट लावतेच ना?”

फोटोत नुसती भिंत होती.

मी चष्मा पुसला. फ्रेम उतरवली, मागचा कागद तपासला. कुठेही सुटलेला नव्हता. मुलीला, किमयाला, मागे पाठवलेली प्रत फोनवर उघडली. तिथेही भिंतच.

“सविता, ती कुठे गेली?”

“घरी. पोरं वाट बघत असतील हो.” आवाज मायेचा, पण तिला धाप लागली होती. “जाऊन येते म्हणाली. तोवर मी धरते म्हटलं.”

तेव्हा माझं लक्ष गेलं. ती मान ताठ धरून उभी होती. उजवा हात डोक्याच्या वर.

“खाली ठेव.”

“एकटीला नाही उतरवता येत. अहो, हात लावा ना.”

मी दोन्ही हात वर नेले.

हाताला काहीच लागलं नाही.

तिच्या केसांतून पाणी ओघळलं, कुंकू घेऊन नाकावर उतरलं. आणि तिची मान आणखी थोडी खाली दबली.